जड लेन्स पेलताना: फूटपासून जमिनीपर्यंत

वन्यजीव छायाचित्रणात नव्याने येणारे बहुतेक जण लेन्स निवडायला महिने घालवतात आणि ट्रायपॉड मात्र उरल्यासुरल्या पैशांत बसवतात. मग ६०० मिमीवर काढलेले फोटो मऊ येतात आणि खापर लेन्सवर फुटतं. लेन्स आणि जमीन यांच्यामध्ये पाच-सहा सांधे असतात: फूट (लेन्सभोवतीच्या फिरत्या कड्याला, म्हणजे कॉलरला, खाली असलेला पाया), प्लेट (फूटखाली लावायची पट्टी), क्लॅम्प (ती पट्टी पकडणारा जबडा), हेड (ट्रायपॉडच्या वरचा, लेन्स फिरवणारा भाग), पायांचे लॉक आणि खालचे रबर. त्यातला सगळ्यात ढिला सांधा जेवढा पक्का, तेवढाच तुमचा आधार पक्का. म्हणून महागडं हेड घेण्याआधी हलतंय नेमकं कुठे, हे शोधायची सवय लावून घ्या.

किती हललं तर बिघडतं? फुल फ्रेम सेन्सरवर ६०० मिमी लेन्स आडवा जेमतेम ३.४ अंशांचा कोन पाहते. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ४.४ मायक्रॉनचा असतो. हिशेब केला तर लेन्स ०.०००४ अंशाने वळली तरी चित्र एका पिक्सेलने सरकतं. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, फोकल लेंग्थ वाढवणारा जोड) लावला की ती सरकण १.४ पट होते. शटरवर बोट जरा जोरात पडलं तरी फरक दिसतो तो यामुळेच.

वजनाचा अंदाजही आधी घ्या. अलीकडच्या ६०० मिमी एफ/४ लेन्स तीन किलोच्या आसपास आहेत: सोनीची ३,०४० ग्रॅम, निकॉन झेडची टेलिकन्व्हर्टर आत असलेली ३,२६० ग्रॅम. कॅननची पहिली आयएस (कंप कमी करणारा स्टॅबिलायझर) असलेली ६०० एफ/४ मात्र ५.३६ किलोची होती. १५०-६०० वर्गातल्या झूम लेन्स दोन ते तीन किलोंत बसतात. नवोदितांना जुनी प्राइम (झूम नसलेली) लेन्स स्वस्तात मिळते तेव्हा हे विसरायला होतं. तिला लागणारा ट्रायपॉड आणि हेड दोन्ही एक पायरी वरचे घ्यावे लागतात, आणि तो खर्च लेन्सच्या किमतीतच धरायला हवा.

फूट आणि प्लेट

एवढी जड लेन्स लावलेली असताना कॅमेरा धरून काहीही उचलू नका. माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कड्यावर, तीन किलोंचा लोंबता भार देणं धोक्याचं आहे. उचलायचं ते फूट धरून, आणि पट्टा अडकवायचा तो लेन्सवरच्या कड्यांना.

फूटला आर्का-स्विस पद्धतीची (क्लॅम्पमध्ये थेट बसणारी) खाच नसेल तर प्लेट लावावी लागते. एकाच स्क्रूवर बसवलेली प्लेट आज ना उद्या गोल फिरते, कितीही आवळली तरी. फूटला दोन भोकं असतील तर दोन्हींत स्क्रू लावा. एकच असेल तर मागे कडा उचललेली, फूटला अडून बसणारी प्लेट घ्या. प्लेटच्या दोन्ही टोकांना खालून छोटे स्टॉप स्क्रू असतात. क्लॅम्प चुकून सैल झाला तर लेन्स घसरून पडण्यापासून तेवढेच वाचवतात. प्लेट सरकवताना मध्ये येतात म्हणून ते काढून ठेवणारे लोक आहेत. तुम्ही काढू नका.

या प्लेटची रुंदी साधारण ३८ मिमी असते, पण कंपनीगणिक थोडी कमीजास्त होते. खटक्याचा क्लॅम्प एका मापाला जुळवलेला असतो, त्यात दुसऱ्या कंपनीची प्लेट सैल बसू शकते किंवा खटका बंदच होत नाही. वेगवेगळ्या प्लेट वापरणार असाल तर नॉबने आवळायचा क्लॅम्प बरा.

सगळ्यात वाईट अपघात असा होतो: प्लेटची एक कड क्लॅम्पच्या जबड्यात जाते, दुसरी कड जबड्यावर चढून बसते आणि नॉब घट्ट फिरल्यासारखा लागतो. अंधारात, घाईत हे हाताला कळत नाही. म्हणून आवळल्यावर एकदा समोरून वाकून पाहा, दोन्ही कडा आत दिसल्या पाहिजेत. मग लेन्स फूटजवळ धरून वर ओढा. ट्रायपॉड सोबत उचलला गेला तरच हात सोडा.

फूट उंच असेल तर हातात धरायला सोयीचा असतो, पण तो पट्टीसारखा लवतो. आधार सगळा नीट असूनही चित्र डुलत असेल तर बुटका, जाड फूट लावून पाहण्यासारखा आहे. फूटचे स्क्रू प्रवासातल्या हादऱ्यांनी सैल होतात. ४ मिमी आणि ५/३२ इंच अशा दोन्ही ॲलन की बॅगेत असू द्या. मापं जवळजवळ सारखी आहेत, तरी चुकीची की जोराने फिरवली तर स्क्रूचं डोकं गोल होऊन बसतं.

गिंबलचा तोल

बॉल हेडवर (गोळ्यावर सगळीकडे फिरणाऱ्या हेडवर) जड लेन्स ठेवली की गुरुत्वमध्य बॉलच्या वर येतो. नॉब सैल केला आणि हाताचा आधार जरा सुटला, की लेन्स एका बाजूला कोसळते. तिच्या झटक्याने ट्रायपॉडही आडवा होऊ शकतो आणि मधे सापडलेलं बोट चांगलंच चेचतं. गिंबल हेडमध्ये लेन्स पाळण्यात टांगल्यासारखी बसते: फिरण्याचा आस गुरुत्वमध्यातूनच जातो, त्यामुळे नॉब मोकळे असतानाही ती जिथे सोडाल तिथे थांबते. अर्थात तोल नीट साधला असेल तरच. गिंबल घेऊनही दिवसभर नॉब आवळत-सोडत बसणारे खूप जण दिसतात. त्यांच्या हेडमध्ये काही खोट नसते, तोल साधलेला नसतो.

तोल असा साधा. ट्रायपॉड आधी बुडबुडा पाहून सपाट करा. मग शूटिंगला जे जे लागणार ते सगळं लावा: हूड (लेन्सच्या पुढे लावायचं, ऊन अडवणारं नळकांडं) सरळ करून, टेलिकन्व्हर्टर, बॅटरी ग्रिप, माइक असेल तर तोही. झूम लेन्स लांबत असेल तर ज्या फोकल लेंग्थवर सर्वाधिक काम करणार, बहुधा सगळ्यात लांब, तिथे ठेवा. एक हात लेन्सवर ठेवून वर-खाली फिरणारा नॉब मोकळा करा. नाक खाली जात असेल तर प्लेट मागे सरकवा, कॅमेरा खाली जात असेल तर पुढे. लेन्स आडवी स्थिर राहिली की क्लॅम्प आवळा आणि प्लेटवर रंगाच्या पेनने खूण करा. टेलिकन्व्हर्टरसह एक खूण, त्याशिवाय दुसरी.

बरेच जण इथेच थांबतात. उंचीचा तोल राहून जातो. लेन्सचं नाक तीसेक अंश खाली करा आणि हात हळूच सैल सोडा. नाक आणखी खालीच जात राहिलं तर लेन्स आसाच्या वर बसली आहे, पाळणा (हेडचा लेन्स धरणारा भाग) खाली घ्या. नाक आपोआप वर येऊन लेन्स पुन्हा आडवी झाली तर ती खाली लोंबते आहे, पाळणा वर घ्या. सोडलं तिथेच थांबली की काम झालं. पाळण्याची उंची बदलता येत नसेल अशा हेडमध्ये थोडा ताण ठेवून भागवावं लागतं. शेवटी दोन्ही नॉब इतकेच आवळा की वाऱ्याने लेन्स फिरू नये, पण एका बोटाने ती हलावी. हे काम दिवसाउजेडी, निवांतपणे करून ठेवायचं. पहाटे प्राणी समोर असताना करायचं नाही.

गिंबलला डावी-उजवीकडे कलण्याची सोय नसते. ट्रायपॉडचं डोकं तिरपं असेल तर पॅन करताना क्षितिज हळूहळू कलत जातं. एखाद्या फ्रेमपुरतं कॉलर सैल करून सरळ करता येतं, पण उडत्या पक्ष्यामागे फिरताना ते जमणार नाही. त्यासाठी हेडखाली लेव्हलिंग बेस लावा: पाय कसेही असोत, एका दांडीने डोकं सपाट होतं.

पाय आणि जमीन

मधला दांडा नसलेला ट्रायपॉड घ्या. मधला दांडा वर काढला की तीन पायांवर एक मोनोपॉड उभा केल्यासारखं होतं. सर्वांत वरच्या नळीचा व्यास निदान ३२ मिमी असावा. किती किलो भार चालतो हा छापील आकडा प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने काढते, म्हणून तुमच्या वजनाच्या अडीच-तीन पट आकडा असलेलाच निवडा. उंची ठरवताना गिंबल लेन्सला साधारण २० सेंमी वर नेतो हे धरा. उतारावर खालच्या बाजूचे पाय लांब करावे लागतात, त्यासाठी थोडी लांबी शिल्लक हवी.

कोरड्या, टणक जमिनीवर उंची कमी हवी असेल तर सगळ्यात बारीक, म्हणजे खालच्या नळ्या आधी आत घ्या. चिखलात आणि पाण्यात नेमकं उलट: सगळ्यात खालची नळी पूर्ण बाहेर काढा आणि वरच्या आत ठेवा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतात. मऊ वाळूत किंवा चिखलात पाय दाबताना ते बाहेर फाकतात आणि वरच्या सांध्यावर ताण येतो. तो सांधा तुटूही शकतो. पाय पूर्ण न उघडता थोडे मिटलेले ठेवून सुरुवात करा, मग दाबत दाबत उघडू द्या. उतारावर एक पाय आखूड करून चढाच्या बाजूला, दोन पाय उताराकडे.

वाऱ्यात मधल्या हुकाला बॅग लटकवा असं सगळे सांगतात. लटकलेली बॅग झुलली तर ती स्वतःच ट्रायपॉड हलवते. तिचा तळ जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा. खरा उपाय मात्र बुटका होण्याचा आहे. गुडघ्यावर बसून काम होत असेल तर उभ्याने करू नका. मोठा हूड वारा धरतो. वादळी वाऱ्यात ऊन समोरून येत नसेल तर तो काढलेला बरा, फक्त मग पुढच्या काचेची काळजी घ्या.

बीन बॅग

वाहनातून, भिंतीवरून, दगडावरून किंवा जमिनीवर झोपून काम करायचं असेल तर बीन बॅगला तोड नाही. आमच्या मते नवोदिताने पहिला खर्च यावरच करावा. ती धक्का शोषते, आवाज करत नाही आणि दोन सेकंदांत लागते.

सगळं भरण्यावर आहे. गच्च भरलेली बॅग चेंडू होते आणि लेन्स तिच्यावरून घरंगळते. रिकामी राहिली तर लेन्स थेट पत्र्याला टेकते. पाऊण भरा. मधोमध मूठ दाबली तर खळगा पडावा आणि मूठ काढल्यावर तसाच राहावा. मोहरी, बाजरी असे बारीक दाणे लेन्सभोवती चांगले बसतात, तांदूळही चालतो. धान्य भिजलं की कुजतं, कीड लागते. ओल्या हवेत प्लास्टिकचे भरीव दाणे बरे. थर्मोकोलचे मणी घेऊ नका, ते दबतात आणि परत उसळतात. तीन किलोंच्या लेन्सला तीन-चार किलो दाणे पुरतात. आत एक शिवलेली पिशवी, बाहेर वेगळं कव्हर असं असलं की चेन तुटली तरी दाणे सांडत नाहीत. परदेशात जाताना बॅग रिकामीच न्या आणि तिथे भरा, कारण अनेक देश बिया आत येऊ देत नाहीत.

कॉलर फिरवून फूट वर करा, म्हणजे लेन्सचा गोल भाग बॅगेत रुतेल आणि फूट मुठीसारखा वापरता येईल. लेन्स टेकवायची ती तोलाच्या जागी. फोकस रिंग बॅगेवर येता कामा नये. लांबणाऱ्या झूमची बाहेर आलेली नळीही टेकवू नका, तिच्यावर भार पडायला नको. डावा तळवा लेन्सवर वरून ठेवून हलका दाब द्या. वाहनाची खिडकी पूर्ण खाली घ्या. अर्ध्या काचेवर हे वजन टाकायचं नाही. इंजिन बंद असलं पाहिजे. सोबत बसलेल्यांना शटर सुरू असताना हलू नका असं स्पष्ट सांगा, कारण एकाने कूस बदलली तरी पूर्ण वाहन डोलतं.

मोनोपॉड आणि हात

चालत फिरायचं असेल तर मोनोपॉड. त्यावर बॉल हेड नको. एकाच दिशेने वाकणारं टिल्ट हेड पुरे, बाजूला फिरणं मोनोपॉड स्वतःच करतो. झाडावरच्या पक्ष्यासाठी कॅमेरा खाली जातो, म्हणून डोळ्याच्या उंचीपेक्षा १५-२० सेंमी जास्त लांबी हाताशी ठेवा. मोनोपॉडचं टोक पुढे रोवा, दोन पाय थोडे फाकवा आणि शरीराचं थोडं वजन त्यावर टाका. डावी-उजवी डुलकी राहतेच, तेव्हा स्टॅबिलायझर चालू ठेवा.

ट्रायपॉडवर प्रश्न वेगळा. जुन्या लेन्सचे स्टॅबिलायझर पक्क्या ट्रायपॉडवर स्वतःच कंप निर्माण करतात, तिथे ते बंद करा. नव्या लेन्स बहुधा ट्रायपॉड ओळखतात. लेन्सची माहितीपुस्तिका बघा. मोकळ्या गिंबलवर हात सतत लेन्सवर असतो, तिथे ते चालू असण्याचा फायदाच होतो.

डावा हात फूटच्या वर, लेन्सच्या पाठीवर. भुवई आयपीसला टेकलेली. बोट शटरवर दाबत न्यायचं, आपटायचं नाही. मंद प्रकाशात स्थिर प्राण्याचे पाच-सहा फ्रेम सलग घ्या. पहिल्या फ्रेमला बोटाचा धक्का बसतो, मधल्या जास्त स्वच्छ येतात. आरशाच्या कॅमेऱ्यात १/४ ते १/६० सेकंदांदरम्यान आरशाचा हादरा सर्वांत जास्त दिसतो. मिररलेसमध्ये आरसा नसतो, उरतो तो शटरचा हादरा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा प्रत्यक्ष न हलवणारी सोय) वापरून तो बराच कमी होतो. प्राणी स्वतः हलत असेल तर कोणताही आधार उपयोगी नाही, शटर स्पीडच वाढवावा लागतो.

आधार किती पक्का, याची परीक्षा घरीच घेता येते. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र पूर्ण मोठं करा आणि हूडला टिचकी मारा. चित्र किती वेळ थरथरतं ते पाहा, मग एकेक सांधा आवळून पुन्हा टिचकी मारा. ज्याने थरथर एकदम कमी होते, तो दोषी. हे सगळं नीट असूनही दुपारी दूरचे फोटो मऊ येत असतील तर तापलेल्या जमिनीवरची हवा पाहा. लाइव्ह व्ह्यूमध्ये कडा पाण्यासारख्या हलताना दिसतात. त्यावर ट्रायपॉड काही करू शकत नाही. जवळ जा किंवा सकाळी लवकर या.

खाऱ्या पाण्यातून किंवा वाळूतून आल्यावर पाय त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. लॉक फिरवताना करकर आवाज आला की आत वाळू आहे. तसाच फिरवत राहिलात तर आटे झिजतात. नळी काढा, आतले प्लास्टिकचे पट्टे काढून पुसा, आटे ब्रशने साफ करा आणि सगळं वाळल्यावर थोडं ग्रीस लावून जोडा. पहिल्यांदा उघडताना एका वेळी एकच पाय उघडा, म्हणजे पट्टे कोणत्या क्रमाने बसतात ते बाजूच्या पायावरून पाहता येतं.