'मधुर' हा शब्द क्लेममध्ये लिहू नका

पेटंटच्या कामाला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा एका कीबोर्डचा अर्ज माझ्या टेबलावर आला. (तपशील बदलून सांगते, अशिलाची गोष्ट बाहेर सांगायची नसते.) वादकाने धून वाजवायची, मशीन लर्निंगच्या मॉडेलने ती ऐकायची आणि तिला शोभतील असे टोन आपणहून निवडायचे, अशी ती कल्पना. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर आणि लहानपणी गाण्याच्या परीक्षाही दिलेल्या, त्यामुळे हे काम अगदी घरचं वाटलं. त्याच भरात पहिल्या क्लेममध्ये, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या वाक्यात, 'सर्वांत मधुर टोन निवडणे' असं लिहून गेले. मूळ मजकूर इंग्रजीत होता, पण अर्थ हाच.

एफईआर, म्हणजे पहिला परीक्षण अहवाल आला, तेव्हा पेटंट कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरने नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवलं होतं. पेटंट कायद्याच्या कलम १०(५)प्रमाणे क्लेम स्पष्ट हवा. मधुर म्हणजे कोणाला मधुर आणि ते मोजायचं कसं, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी आधी हीच गाठ सोडवावी. नादाचा लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जात ही तीन लक्षणं गाण्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. पेटंटमधला 'टिंबर' म्हणजे हे तिसरं लक्षण, जात: तोच स्वर कोणत्या वाद्याचा हे जिच्यावरून ओळखू येतं ती. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज जुळवताना, एकदा जवळ बसून पाहा. कारागीर घोडीचा माथा हलक्या हाताने घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखालचं सूत केसभर पुढेमागे करतो. पट्टी तीच राहते, पण आवाज एकदम खुलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला होता. मूळ स्वरासोबत तारेतून वरचे उपस्वरही निघतात. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, पडतो ते उपस्वर नेहमीच्या नियमाने निघायला नकोत. तंबोऱ्यात मात्र ते ऐकू येतात, आणि त्याचं कारण रामन यांना घोडीच्या रचनेत सापडलं. म्हणजे 'खुलला' या शब्दामागे मोजता येण्यासारखं काहीतरी असतंच: कोणता उपस्वर किती जोरात आहे, आघातानंतर किती वेळात चढतो, किती वेळात विरतो. क्लेममध्ये हे यायला हवं. माझं ते राहिलं होतं.

दुसरा आक्षेप कलम ३(के)चा होता. गणिती पद्धती, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना आपल्याकडे पेटंट मिळत नाही. सगळा भर 'निव्वळ' या शब्दावर आहे. फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये सांगितलं की शोधाने तांत्रिक परिणाम साधला असेल, तर तो संगणक प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही. आमच्या अर्जात मॉडेल पडद्यावर पाच टोनची यादी दाखवत होतं आणि बोट वादक लावत होता. ही झाली शिफारस. तेच मॉडेल ध्वनिनिर्मितीच्या सर्किटला उपस्वरांची पातळी बदलायला लावत असेल, तर वाद्यात काहीतरी घडतंय. जॉन चाउनिंग यांच्या एफएम पद्धतीला १९७७मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. त्यातही एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवून नादाची जात घडवण्याची रीत मांडलेली आहे. क्लेम वाचताना मी आता आधी क्रियापद शोधते: 'सुचवतो' आहे की 'बदलतो'?

तिसरा आक्षेप मला सर्वांत न्याय्य वाटला, तो कलम १०(४)चा, म्हणजे पुरेशा वर्णनाचा. मॉडेल कशावर शिकलं? धुनेची लय, पट्टी, स्वरांमधली अंतरं यांचा आणि टोनच्या निवडीचा संबंध तुम्ही कुठे दाखवलात? जपानच्या पेटंट कार्यालयाने २०१९मध्ये एआयसंबंधीची उदाहरणं प्रसिद्ध केली, त्यातलं एक माझ्या मनात घर करून आहे. शेतकऱ्याच्या चेहऱ्याच्या फोटोवरून त्याने पिकवलेल्या भाजीतली साखर ओळखणारी यंत्रणा! चेहरा आणि साखर यांचा संबंध वर्णनात दाखवलेला नाही, म्हणून ते वर्णन अपुरं. आमच्या अर्जात हा संबंध दाखवणारा एकच तक्ता होता, तोही एका इंजिनिअरने शेवटच्या दिवशी पाठवलेला. मी तो लांबलचक म्हणून गाळणार होते. त्यावर सगळं तरलं, कारण कलम ५९ मागाहून नवा मजकूर घालू देत नाही. अर्ज दाखल करताना जे लिहिलं, तेवढीच शिदोरी.

आधीची पेटंटं शोधण्याबद्दल थोडं. 'टिंबर' एवढाच शब्द टाकून थांबू नका. जपानी अर्जांच्या इंग्रजी भाषांतरांत 'टोन कलर' येतं, कीबोर्डवाले 'व्हॉइस' म्हणतात, सिंथेसायझरवाले 'पॅच' किंवा 'प्रीसेट'. इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या जुन्या मिडी प्रणालीत 'प्रोग्राम' असतो, आणि १९९१च्या जनरल मिडीच्या १२८ आवाजांत १०५ क्रमांकावर आपली सतार आहे. माझ्या पहिल्या शोधातून अर्धी कागदपत्रं केवळ शब्दामुळे निसटली होती. शब्दांपेक्षा वर्गीकरण भरवशाचं: इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी जी१०एच, मशीन लर्निंगसाठी जी०६एन २०. दोन्ही एकत्र लावा. जपानचं जे-प्लॅटपॅट, युरोपचं एस्पासनेट आणि आपलं इनपास, तिन्ही फुकट आहेत.

इकडे यायला कायद्याची पदवी लागत नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी चालते. दोन लेखी पेपर आणि मग तोंडी. एक्झामिनर व्हायचं असेल तर सरकारी भरती वेगळी निघते. प्रशिक्षणाची संस्था आपल्या नागपुरातच आहे.

एफईआरला उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. त्यातला पहिला महिना मी आता शोध लावणाऱ्यांशी बोलण्यात घालवते. त्या अर्जाच्या वेळी हे उशिरा सुचलं, त्यामुळे सुनावणीपर्यंत गेलो. व्हिडिओवरच्या त्या सुनावणीत कंट्रोलरनी, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, एकच प्रश्न दोनदा विचारला: "मॉडेल काढून घेतलं तर वाद्याच्या आवाजात काय कमी होईल?" आम्ही तक्त्यातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या: मॉडेलसह उपस्वरांची पातळी आणि मॉडेलशिवायची. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. त्यासोबत जो सुधारित क्लेम गेला, त्यात एकही विशेषण नव्हतं.