अपग्रेड करूनही पॅकेज जुनंच? लिनक्सवर पायथनची तपासणी

पायथनची पॅकेजं बसवणारा पिप 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' म्हणतो आणि प्रोग्रॅम मात्र जुन्याच आवृत्तीवर चालतो. अशा वेळी पुन्हा अपग्रेड करत बसू नका. नवं पॅकेज बहुतेक वेळा दुसऱ्याच पायथनकडे गेलेलं असतं.

प्रोग्रॅम ज्या पायथनने चालतो त्याच पायथनने 'पायथन३ -एम पिप --व्हर्जन' चालवा. उत्तरात पिपचा पत्ता आणि कंसात पायथनची आवृत्ती येते. पत्त्यात 'डिस्ट-पॅकेजेस' दिसलं तर डेबियन-उबुंटूवर तो पिप बहुधा ॲप्टने, म्हणजे सिस्टीमच्या पॅकेज व्यवस्थापकाने, बसवलेला असतो. होम फोल्डरमधलं '.लोकल' दिसलं तर तो तुमच्या खात्यापुरता. नुसतं 'पिप' टाइप करण्याची सवय सोडलेली बरी, निम्मा घोळ तिथेच होतो.

मग पायथनमध्ये पॅकेज इम्पोर्ट करून त्याची आवृत्ती आणि फाइलचा पत्ता छापा. '.लोकल'मधली प्रत सिस्टीमच्या प्रतीआधी उचलली जाते, म्हणून तिथे विसरलेली जुनी प्रत ॲप्टची नवी प्रत झाकते. प्रोजेक्टमध्ये तुमचीच 'नमपाय.पीवाय' नावाची फाइल असेल तर खरं नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) उघडणारच नाही.

आता जुन्या झालेल्या पॅकेजांची यादी काढा: 'पायथन३ -एम पिप लिस्ट --आउटडेटेड'. यादी रिकामी आली म्हणून सगळं ताजं आहे असं समजू नका. तुमच्या पायथनला न चालणाऱ्या आवृत्त्या पिप मोजतच नाही. उबुंटू २२.०४ वर पायथन ३.१० येतो, नमपाय २.३ ला किमान ३.११ लागतो. त्यामुळे तिथे पिप २.२ च्या मालिकेवरच थांबतो, एरर न देता. इलाज नवा पायथन, दुसरा नाही.

इन्स्टॉल करताना अपग्रेडसाठी '-यू' दिलं तरी त्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं गरजेपुरतीच बदलतात. त्यातलं जे हवं त्याचं नाव देऊन अपग्रेड करा. नंतर 'पायथन३ -एम पिप चेक' चालवून विसंगती पाहा.

डेबियन १२ किंवा उबुंटू २४.०४ वर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' (हा पायथन सिस्टीम सांभाळते) अशी एरर आली तर ती डावलणारं '--ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' वापरू नका, सिस्टीमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात. ॲप्टने 'पायथन३-व्हेन्व्ह' बसवा आणि प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे स्वतःची पॅकेजं ठेवणारं स्वतंत्र फोल्डर, करा. मात्र लिनक्स वितरणाची (डेबियन, उबुंटू) आवृत्ती बदलली की जुनं व्हेन्व्ह मोडतं: आतला दुवा नव्या पायथनकडे जातो, पॅकेजं जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्येच राहतात. म्हणून आधीच 'पायथन३ -एम पिप फ्रीझ'ने मिळणारी पॅकेजं-आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये ठेवा, नंतर व्हेन्व्ह नव्याने बांधा.