वॅक्सिंगची पट्टी कशी निवडायची: नॉन-वोवन, मांजरपाट, कागद की तयार पट्ट्या?

वॅक्सिंगनंतर त्वचेवर चिकट थर उरला, केस मध्येच तुटले किंवा काळानिळा डाग पडला, की खापर वॅक्सवर फुटतं. मग डबा बदलला जातो, वॅक्स आणखी तापवलं जातं आणि पट्टी मात्र तीच राहते. पुष्कळदा गडबड त्या पट्टीतच असते.

वॅक्स केसांना धरतं आणि पट्टीने वॅक्सला धरायचं असतं. त्वचेपेक्षा पट्टीवर वॅक्सची पकड जास्त असेल तरच सगळा थर एका झटक्यात उचलला जातो. म्हणून पहिली गोष्ट बघायची ती पकड. दुसरी म्हणजे ताण. पट्टी लांबत असेल तर हाताचा झटका ती ताणण्यातच खर्च होतो आणि केसांपर्यंत पोचेपर्यंत मंदावतो. हळू ओढलेला केस मुळापासून निघण्याऐवजी त्वचेच्या पातळीला तुटतो, आणि तुटलेला केस पुढे त्वचेखालीच वळून वाढण्याची शक्यता असते. तिसरी गोष्ट झिरपणं. वॅक्स पट्टीतून आरपार आलं तर ते घासणाऱ्या बोटांना चिकटतं आणि पट्टी अर्धवट उचलली जाते. मऊपणा, रंग, पाकिटावरचं चित्र, हे सगळं त्यानंतर.

हे सगळं पातळ वॅक्सबद्दल आहे, म्हणजे जे मधासारखं पसरवून वर पट्टी लावून ओढतात. हार्ड वॅक्स थिजल्यावर स्वतःच पट्टीचं काम करतं, आणि साखरेची घट्ट पेस्ट नुसत्या हाताने लावून काढतात. त्या दोन्हींना पट्टी लागत नाही.

नॉन-वोवन

पार्लरमध्ये आज सर्वात जास्त दिसतात त्या या पांढऱ्या, कागदासारख्या दिसणाऱ्या पण न चुरगळणाऱ्या पट्ट्या. यात विणकाम नसतं. पॉलिस्टर, व्हिस्कोस वगैरेचे तंतू एकावर एक पसरून उष्णतेने किंवा दाबाने जोडलेले असतात. छिद्रं बारीक आणि वेडीवाकडी असल्यामुळे वॅक्स वरच्या तंतूंत रुततं, पण सहसा मागे येत नाही. ताण फारच कमी. रेझिनचं म्हणजे राळेचं वॅक्स, रोल-ऑनचा पातळ थर, साखरेचं पातळ वॅक्स, तिन्हींना चालतं. एकच प्रकार घ्यायचा असेल तर हाच घ्यावा.

मात्र सगळं नॉन-वोवन सारखं नसतं. फरक असतो वजनात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, यात. साधारण ७० ते १०० ग्रॅमचं कापड कामाला बरं. पाकिटावर आकडा नसेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येतो. ७ × २० सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या एकत्र ठेवून वजन करा. ७० ग्रॅमचं कापड असेल तर सुमारे १० ग्रॅम भरतील, १०० ग्रॅमचं असेल तर १४. सात ग्रॅमच्या आसपास भरल्या तर कापड ५० ग्रॅमचं आहे. ते ओठावरच्या लवेला चालेल, पायांवर मात्र फाटेल आणि वॅक्सही पाझरेल.

दिशेचा मुद्दा बरेच जण विसरतात. रोलच्या लांबीच्या दिशेने हे कापड मजबूत असतं, आडव्या दिशेने ओढलं तर जास्त ताणतं आणि लवकर फाटतं. रोलमधून छोटे तुकडे कापताना तुकड्याची लांब बाजू रोलच्या लांबीच्याच दिशेला ठेवा. कापड वाचवायला आडवे कापलेले तुकडे हमखास दगा देतात. शिवाय काही पट्ट्यांची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी किंचित लवदार असते. लवदार बाजू वॅक्सकडे ठेवायची. बोट फिरवून फरक कळला नाही, तर कुठलीही बाजू चालेल.

मांजरपाट आणि इतर सुती कापड

दाट, राठ केसांवर सुती कापडाला तोड नाही. विणीच्या खाचांत वॅक्स खोल शिरतं आणि कापड शरीराच्या वळणाबरोबर वळतं. काखेसाठी आणि गुडघ्यासाठी ते फार सोयीचं. त्याचा तोटाही त्याच विणीत आहे. वीण विरळ असली तर वॅक्स आरपार येतं, आणि कडेचे धागे सुटून वॅक्समध्ये अडकतात.

म्हणून घट्ट विणीचं, कोरं, न रंगवलेलं मांजरपाट घ्यावं. मलमल नको, ती फार झिरझिरीत. जुनी चादर धुऊन धुऊन विरलेली असते, ऐन झटक्याला टरकते. टी-शर्टचं कापड तर मुळीच नको, कारण ते विणलेलं नसून गुंफलेलं असतं आणि रबरासारखं लांबतं. पॉलिस्टरच्या सुळसुळीत कापडावर वॅक्सला धरायला काही सापडत नाही, ते पुन्हा त्वचेवरच उरतं. जीन्सचं कापड पकड उत्तम देतं आणि ताणत नाही (लायक्रा मिसळलेलं नसेल तर), पण जाड असल्यामुळे छोट्या जागी वळत नाही. पाय आणि हात यांपुरतंच ते वापरावं.

नव्या कापडाला खळ असते. एकदा गरम पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच पट्ट्या कापा. खळ निघाली की वॅक्स नीट शिरतं. कापड मऊ करणारं द्रव धुताना घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसून पकड कमी करतो. कापताना उभ्या धाग्याच्या सरळ रेषेत कापा. तिरकस कापलेली पट्टी ताणली जाते आणि पुढे तुटक्या केसांची तक्रार सुरू होते. कडांना दातेरी कात्री वापरली तर धागे कमी सुटतात.

धुऊन पुन्हा वापरायच्या का? साखरेचं, पाण्यात विरघळणारं वॅक्स असेल तर गरम पाण्यात भिजवून पट्टी स्वच्छ निघते, आणि स्वतःपुरती वापरायला हरकत नाही. रेझिनचं वॅक्स पाण्याने जात नाही, त्याला तेल लागतं, आणि तेल लागलेली पट्टी पुढच्या वेळी वॅक्स धरत नाही. ती टाकूनच द्यावी. एका व्यक्तीला वापरलेली पट्टी दुसऱ्या व्यक्तीला कधीही नाही, कितीही धुतली तरी. केस निघतात तिथे बारीक रक्ताचा ठिपका येऊ शकतो, तो डोळ्यांना दिसेलच असं नाही.

कागद

कागदी पट्ट्या स्वस्त असतात आणि अजिबात ताणत नाहीत. पोटरीसारख्या सपाट जागी, पातळ थरावर त्या बऱ्यापैकी चालतात. अडचण वळण्याची आहे. पट्टी ओढताना ती स्वतःवर दुमडून त्वचेला लगटून मागे यायला हवी. कडक कागद असा वळत नाही, म्हणून हात आपोआप वर उचलला जातो, आणि वर ओढलेली पट्टी त्वचेलाही वर खेचते. काळेनिळे डाग पडतात ते बहुधा यामुळेच. शिवाय कडेला बारीकशी चीर असली तरी कागद तिथून फाटत जातो, आणि घामाने किंवा तेलाने ओला झाला की संपलाच. काखेत आणि चेहऱ्यावर कागद वापरू नये. छपाईचा साधा कागद किंवा टिश्यू यांचा तर विचारही नको.

तयार वॅक्स लावलेल्या पट्ट्या

दोन पारदर्शक पापुद्र्यांच्या मध्ये वॅक्सचा थर असलेल्या या पट्ट्या प्रवासात किंवा मधेच चार केस काढायला सोयीच्या. तळहातांत धरून अर्धा मिनिट चोळा आणि मग सावकाश उलगडा. घाईत उलगडल्या तर सगळं वॅक्स एकाच बाजूला गोळा होतं. दोन्ही अर्धे वापरायचे असतात. थंडीत वॅक्स कडक राहतं आणि केस धरत नाही, तेव्हा पुन्हा चोळा, पण मेणबत्तीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. बारीक, मध्यम केसांवर यांचं काम चांगलं, राठ केसांवर अर्धवट. पूर्ण पायांसाठी त्या घेणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया, असं आमचं स्पष्ट मत.

घेण्याआधी चार परीक्षा

एक पट्टी हातात मिळाली तर एवढं करा. दोन्ही टोकं धरून आधी लांबीत, मग रुंदीत जोरात ओढा. लांबीत ती जाणवेल इतकी वाढली तर नको. उजेडासमोर धरा. ढग पसरल्यासारखे पातळ-जाड ठिपके दिसले तर पातळ जागी फाटणार. काळ्या कापडावर घासा आणि तंतू किती गळतात ते पाहा. शेवटी कामाच्या तापमानाचं वॅक्स एका कोपऱ्यावर लावून मागून बोटाने दाबा. बोट चिकटलं तर वॅक्स फार गरम आहे किंवा कापड फार विरळ. वॅक्स थोडं निववून पुन्हा पाहा, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल.

माप आणि वापर

पायांना आणि हातांना ७ × २० सेंटिमीटर, काखेला ४ ते ५ × १०, ओठावर २ ते २.५ × ६, भुवयांसाठी १ ते १.५ × ५. मोठी पट्टी लावली की काम लवकर आटोपेल हा समज चुकीचा आहे. वळणदार जागी मोठी पट्टी सगळीकडे टेकतच नाही. काखेत केस निदान दोन दिशांना वाढतात, तेव्हा तिथे दोन-तीन छोट्या ओढीच लागतात.

केस ५-६ मिलिमीटर लांब हवेत. १२ मिलिमीटरहून लांब असतील तर कापून घ्या. त्वचा कोरडी करून पावडरचा अगदी पुसट हात फिरवा. जास्त पावडर पट्टीची पकडच मारते. वॅक्सची उष्णता आधी मनगटाच्या आतल्या बाजूला पाहा आणि मगच केसांच्या वाढीच्या दिशेने पातळ थर पसरवा. थरातून त्वचा दिसली पाहिजे. पट्टी लावताना शेवटचे ३-४ सेंटिमीटर पकडायला मोकळे ठेवा. नॉन-वोवन असेल तर वाढीच्याच दिशेने दोन-तीनदा घट्ट हात फिरवला की पुरे. मांजरपाटाला चार-पाचदा आणि जरा जोर लावून, कारण वॅक्स विणीत शिरायला हवं. मग एका हाताने त्वचा ताणून धरा आणि दुसऱ्या हाताने पट्टी वाढीच्या उलट दिशेने, त्वचेला समांतर, एका दमात ओढा. लगेच तळवा दाबून ठेवा.

एकच पट्टी तीन ते पाच ओढींना पुरते. वॅक्सचा थर साचला की ती नवं वॅक्स उचलत नाही, उलट आधीचं त्वचेवर ठेवते. काटकसर म्हणून दहाव्या ओढीपर्यंत पट्टी ताणणाऱ्यांना त्वचेवरचं वॅक्स पुसायलाच जास्त वेळ लागतो.

पट्टी वाचायला शिका

ओढून झाल्यावर पट्टी उलटी करून बघा. थर सगळीकडे सारखा आणि केसांच्या टोकाला पांढुरका कंद दिसत असेल तर सगळं ठीक. केस आहेत पण कंद नाहीत, म्हणजे ते तुटले. पट्टी ताणली गेली, हात हळू चालला किंवा दिशा चुकली. पट्टी जवळजवळ कोरी आणि वॅक्स त्वचेवर, तर थर लावून फार वेळ गेला, हात कमी फिरवला किंवा पट्टी गुळगुळीत आहे. त्यावर नवी पट्टी लावून दाबून ओढा, पुन्हा वॅक्स ओतू नका. केस नसलेल्या किंवा एकदा ओढून झालेल्या जागी पातळ वॅक्सचा दुसरा थर लावला तर त्वचेचा वरचा पापुद्रा निघू शकतो. उरलेले चार केस चिमट्याने काढा. नॉन-वोवनचे दोन पापुद्रे होऊन एक त्वचेवरच राहिला, तर तंतू नीट जोडलेलेच नाहीत. त्या पाकिटातल्या बाकीच्या पट्ट्याही तशाच निघतात.

रेटिनॉइडचं (मुरमांवर किंवा सुरकुत्यांवर देतात ते) मलम लावत असाल, त्या भागावर उन्हाने भाजल्याची लाली असेल किंवा मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील वा अलीकडेच बंद केल्या असतील, तर कुठलीच पट्टी सुरक्षित नाही. त्वचा सहज सोलली जाते, आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी औषधं किंवा मधुमेह असेल तरी हेच.

पट्ट्या कोरड्या जागी, झाकणाच्या डब्यात ठेवा. न्हाणीघरात उघड्या ठेवलेल्या मांजरपाटाच्या आणि कागदाच्या पट्ट्या दमट होतात, आणि दमट पट्टीला रेझिनचं वॅक्स धरत नाही. वापरलेली पट्टी वॅक्स आत राहील अशी दुमडून कचऱ्यात टाका. कुठलीही पट्टी शौचालयात टाकू नका, ती विरघळत नाही आणि वॅक्स नळीत थिजून बसतं.