मांजराला शुगर, वर किडनी आणि दमा पण… मग आधी काय सांभाळायचं?

आमच्या बोक्याला डायबिटीस निघाला तेव्हा त्याची किडनी आधीच थकलेली आणि दम्यासाठी स्टेरॉइडची गोळी रोजची, म्हणजे एकीकडे दाबलं की दुसरीकडे वर येणार हे ठरलेलंच. सुरुवातीला मी नुसता शुगरच्या आकड्यामागे धावत होते आणि तिथेच चुकत होते. अशा मांजराची शुगर एकदम नॉर्मल आणायची हे ध्येयच नाही, ते नीट खातंय, वजन टिकलंय आणि शुगर घसरून कोसळत नाहीये, एवढं जमलं तरी खूप झालं.

पहिलं काम म्हणजे एक वही घ्या. वेळ, शुगर, इन्सुलिन किती युनिट दिलं, किती खाल्लं, उलटी झाली का, आणि आठवड्यातून एकदा वजन. आणि एकावेळी एकच बदल करायचा!! खाणंही बदललं, डोसही वाढवला, थायरॉइडची गोळीही सुरू केली तर कशाने काय झालं ते देवालाही कळणार नाही. डोस बदलला की साधारण ५ ते ७ दिवस थांबून बघायचं (शुगर खूप खाली गेली तर मात्र थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना विचारून कमी करायचा).

पाणी जास्त पिणं आणि वजन उतरणं यावरून अंदाज बांधू नका, कारण शुगर, किडनी, थायरॉइड तिन्हीत हेच होतं. थायरॉइड वाढलेला असेल तर फ्रुक्टोसामाइनची टेस्टसुद्धा (मागच्या काही आठवड्यांची सरासरी शुगर सांगणारी) खोटी कमी येते आणि आपण उगाच खूश होतो. दवाखान्यात घाबरून शुगर चढते ती वेगळीच, म्हणून घरी तपासणं शिकाच.

ते असं करायचं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कपडा कानाला मिनिटभर लावायचा, कान गार असेल तर रक्तच येत नाही. कानाच्या कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला की थेंब केसात न पसरता गोल उभा राहतो. कानामागे कापसाचा बोळा धरून कडेच्या शिरेजवळ टोचायचं, थेंब स्ट्रिपला लावायचा, मग अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि लगेच त्याच्या आवडीचा एक घास. आमचा आठवडाभर रुसला, नंतर घास मिळतो म्हणून स्वतःच येऊन बसायला लागला. माणसांचं मशीन मांजराच्या रक्तात सहसा थोडं कमी दाखवतं, म्हणून एकच मशीन कायम ठेवा आणि ते कुठलं आहे हे डॉक्टरांना सांगा.

खाण्याचा घोळ सगळ्यात मोठा. शुगरवाले म्हणतात कार्ब्स कमी प्रोटीन जास्त, किडनीवाले म्हणतात फॉस्फरस कमी आणि प्रोटीन बेताने. किडनी सुरुवातीच्या स्टेजला असेल तर बरेचदा कमी कार्ब्सचं, कमी फॉस्फरसचं ओलं खाणं चालतं, किडनी फार पुढे गेली असेल तर किडनीचंच खाणं देऊन इन्सुलिन त्याप्रमाणे बसवतात. पण उपाशी मांजर हे दोन्हीपेक्षा वाईट, लिव्हरवर चरबी चढते, म्हणून शेवटी जे खातंय ते खाऊ दे असं माझं मत. आणि कोरड्यावरून ओल्या कमी कार्ब्सच्या खाण्यावर नेताना डॉक्टरांना आधी विचारा, शुगर काही दिवसांतच धाडकन उतरते आणि जुना डोस जास्त पडतो.

सिरिंज बाटलीशी जुळते का ते दरवेळी बघा, यू-४० म्हणजे एका मिलीत ४० युनिट, यू-१०० म्हणजे १००. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो, आणि किडनी कमजोर असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळूही शकतं. इंजेक्शन १२ तासांच्या अंतराने, आणि खाल्लं नाही तर काय करायचं हे आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अंगात गेलं की नाही अशी शंका आली तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही, एक डोस चुकला तर चालतो.

शुगर ६०-७० च्या खाली, किंवा चाल लटपटते, झटके येतायत, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि दवाखाना गाठायचा. उलट्या, खाणं बंद, मलूल पडून राहणं आणि लघवीत कीटोन्स (शुगर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होतात ते), हेही तसंच तातडीचं. डायबिटीसच्या नव्या तोंडावाटेच्या औषधांवर तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन्स चढू शकतात, आणि किडनी किंवा पँक्रियाजचा त्रास असलेल्या मांजराला ती सहसा देत नाहीत.

दात सडलेले, लघवीचं इन्फेक्शन, यानेही इन्सुलिन लागू पडत नाही, डोस वाढवत बसण्याआधी तोंड उघडून बघायला सांगा. आमच्याकडे खरा चोर दम्याचं स्टेरॉइड निघालं, त्याने शुगर वाढते. ते एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टरांनी गोळी हळूहळू उतरवून मास्क लावून ओढायचा पंप सुरू केला. मग तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मशीनवर ९० दिसलं, तेव्हा भरलेली सिरिंज मी तशीच बाजूला ठेवली, आधी फोन लावला.