यूकेत लहान मुलांच्या अ‍ॅलर्जी-दम्याचं काम करायचंय? नवीन येणाऱ्यांसाठी थोडं

पुण्या-मिरजेकडून सारखे मेसेज येतात, सर पेड्सचं (बालरोगाचं) एमडी झालंय, तिकडे अ‍ॅलर्जी स्पेशालिस्ट व्हायला काय करू. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

रजिस्ट्रेशनचं आधी. प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा) द्या, पण पेड्समध्येच राहायचं पक्कं असेल तर सरळ एमआरसीपीसीएच (इथली बालरोगाची परीक्षा) पूर्ण करा, जीएमसी (इथली डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन करणारी संस्था) ते चालवून घेते आणि थिअरी पेपर भारतात बसूनही देता येतात, प्लॅबच्या दुसऱ्या भागाला मात्र मँचेस्टरला यावंच लागतं, तिकीट-व्हिसा-हॉटेल सगळा खर्च अंगावर. इंग्रजीसाठी आयईएलटीएसला ओव्हरऑल 7.5 लागतात, मला विचाराल तर ओईटी (डॉक्टर-नर्सेससाठीची इंग्रजी परीक्षा) बरी, निदान त्यात पेशंटशी बोलायचं असतं.

आता मुद्द्याचं. ग्रिडमधून (सबस्पेशालिटी ट्रेनिंगची देशभरातली भरती) मिळणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या सबस्पेशालिटीच्या जागा अख्ख्या देशात मोजक्या, आल्या आल्या त्यांच्या मागे धावू नका. आधी जनरल पेड्सची नोकरी धरा. सप्टेंबरात शाळा उघडल्या की दम्याची पोरं रांगेनं येतात, हिवाळ्यात ब्रॉन्किओलायटिस (तान्ह्या बाळांच्या छातीचं इन्फेक्शन), तिथेच हात बसतो. मग आठवड्यातून अर्धा दिवस तरी अ‍ॅलर्जी क्लिनिक मागून घ्या, अ‍ॅलर्जीचं स्पिन मॉड्यूल (एका विषयाचं जादा ट्रेनिंग) करा. जनरल पेड्सचा कन्सल्टंट आणि वर अ‍ॅलर्जी, असे बरेच जण आहेत इथे. ट्रेनिंगची जागा नाहीच मिळाली तर पोर्टफोलिओ पाथवे आहे, म्हणजे अनुभवाचे कागद दाखवून स्पेशालिस्ट व्हायचा रस्ता (आधी त्याला सीईएसआर म्हणायचे), त्यासाठी पहिल्या दिवसापासून कागद जपा.

क्लिनिकमधल्या नर्सशी गट्टी करा, खरी उस्ताद तीच. प्रिक टेस्ट तीच शिकवेल, हातावर संशय असलेल्या पदार्थाचा थेंब, वरून बारीक टोचणं, 15 मिनिटांनी गाठ मोजायची, 3 मिमी किंवा जास्त आली तर पॉझिटिव्ह. पण पोराला आदल्या रात्री सेटिरिझिन (खाज-शिंकांवरचं औषध) दिलेलं असलं तर एरवी हमखास गाठ आणणारा हिस्टामिनचा थेंबसुद्धा सपाट राहतो आणि सगळी टेस्ट वाया. आणि नुसती गाठ आली म्हणून अ‍ॅलर्जी होत नाही, काय खाल्लं आणि किती वेळात काय झालं हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इथे आपला फायदा आहे बरं का. देशी घरातली आई सांगते आम्ही नट्स देतच नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतंच, चटणीत तीळ असतात. गोऱ्या कन्सल्टंटला हे सुचणार कुठून? 2015 च्या लीप अभ्यासात लंडनच्या गिडियन लॅक यांच्या टीमनं दाखवलं की जास्त धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर सुरू केला तर अ‍ॅलर्जी खूप कमी होते, तरी कितीतरी घरं अजून घाबरून टाळतात.

पंपाची भीती मात्र सगळीकडे सारखीच, सवय लागेल का, स्टिरॉइड आहे का, इथले पालकही हेच विचारतात. निळा पंप (लगेच आराम देणारा) संपला की धावत येतात, ब्राउन पंप (रोज घ्यायचा, स्टिरॉइडचा) मात्र कपाटात धूळ खात पडलेला. नोव्हेंबर 2024 च्या दम्याच्या गाइडलाइनपासून दम्यासाठी कोणत्याही वयाला नुसता निळा पंप लिहायचा नाही, इंटरव्ह्यूला हे हमखास विचारतात.

आणि हो, रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) हातात आल्याशिवाय घराचं डिपॉझिट भरू नका. ट्रेनिंगमध्ये हॉस्पिटल बदलत राहतं, आणि नाइट संपवून सकाळी दीड तास गाडी चालवायची म्हणजे जिवावर येतं.