मित्रमैत्रिणींबरोबर मॉडर्न इटालियन जेवायला जाताय? गोव्यात हे असं करा

गोव्यात आता चांगलं इटालियन खायला फार शोधाशोध करावी लागत नाही. आसगाव, हणजूण, शिवोली, मोरजी, पणजी, कुठेही जा, एखाद्या जुन्या घराच्या अंगणात भट्टी पेटलेली असते आणि टेबलं भरलेली असतात. पण सहा-सात जणांचा ग्रुप गेला की घोळ ठरलेला, प्रत्येकजण आपापली डिश मागवतो, सगळं एकदम टेबलावर येतं, फोटो काढेपर्यंत अर्धं गार होतं आणि शेवटी बिल बघून सगळे गप्प. हे जेवण टप्प्याटप्प्याने मागवायचं आणि वाटून खायचं. एवढं सांभाळलं तर त्याच पैशात दुप्पट मजा येते, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आधी ग्रुपवर विचारून घ्या

जागा ठरवण्याआधी वार ठरवा. आपल्याकडे सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहार) पाळणारे बरेच असतात, श्रावणात तर विचारायलाच नको, म्हणून शुक्रवार-शनिवार सगळ्यांना सोयीचा पडतो. मग कोण काय खात नाही ते व्हॉट्सअॅपवर आधीच लिहून घ्या, टेबलावर बसून विचारायचं नाही, तिथे माणूस भिडेखातर "चालेल चालेल" म्हणतो.

शाकाहारी मंडळींसाठी इथे जरा बारीक बघावं लागतं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, पेकोरिनोलाही बहुतेक प्राण्याचंच रेनेट असतं, म्हणजे "व्हेज" पास्त्यावर किसून घातलेलं चीज कडक शाकाहारी माणसाला चालणार नाही. आपल्याकडे बनणारी बरीच चीजं मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची असतात, ती चालतात, तेव्हा कुठलं चीज वापरता ते किचनमध्ये विचारून सांगा म्हणावं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही म्हणजे खारवलेले छोटे मासे असू शकतात, पान्ना कोत्ता या गोडात जिलेटिन (तेही प्राण्यांपासूनचं) असतं, तिरामिसू या गोडात बऱ्याचदा कच्चं अंडं. पेस्तो या बेसिलच्या सॉसमध्ये मूळ पाइन नट्स, पण इकडे काजूही घालतात, कुणाला नट्सची अॅलर्जी असेल तर बुकिंगच्या फोनवरच सांगा.

टेबल आणि जायची-यायची सोय

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सीझन, तेव्हा वीकेंडला न सांगता सहा जण गेलात तर तासभर बाहेर उभं राहायची तयारी ठेवा, त्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी फोन करा आणि साडेसातची वेळ घ्या. नऊनंतर भट्टीवर इतकी गर्दी होते की पिझ्झाला उशीर होणारच. आठच्या वर माणसं असतील तर गप्पा दोन टोकांना फुटतात, सहा हा आकडा मला सगळ्यात बरा वाटतो. पावसाळ्यात जात असाल तर बसायला छप्पर आहे का ते विचारा. आणि १ जून ते ३१ जुलै गोव्यात ट्रॉलरची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत सीफूडचा हट्ट नको, काय ताजं आलंय ते विचारून मग ठरवा.

परतीचं आधी ठरवा. ओला-उबर इथे नाही, गोवामाइल्स या टॅक्सी अॅपवर गाडी मिळते पण रात्री साडेअकराला गावातल्या आतल्या रस्त्यावर मिळेलच असं नाही, म्हणून येतानाच्या टॅक्सीवाल्याला परतीची वेळ सांगून ठेवा, नाहीतर न पिणारा एक ड्रायव्हर नक्की करा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि दंडाचं सोडा हो, आपले रस्ते अरुंद, वळणं आंधळी, त्यात मध्येच गुरं बसलेली. गाडी लावताना कुणाच्या गेटसमोर लावू नका, आजूबाजूला लोक राहतात.

ऑर्डर, सगळा खेळ इथेच आहे

बसल्या बसल्या एकाच माणसाच्या हातात मेनू द्या, बाकीच्यांनी फर्माइश करायची, ऑर्डर मात्र त्यानेच द्यायची. आणि ऑर्डर घ्यायला येईल त्याला पहिलंच वाक्य हे सांगा: "भाऊ, सगळं एकदम नको, आधी स्टार्टर, ते संपलं की पिझ्झा, मग पास्ता, आणि एक्स्ट्रा प्लेट्स द्या." कोकणीत सांगा, हिंदीत सांगा, पण सांगाच. किचनला न सांगितल्यास जे आधी तयार होईल ते आधी येतं.

सहा जणांना माझा हिशोब असा असतो: स्टार्टर तीन, पिझ्झे दोन, पास्ता दोन, रिसोत्तो (मऊसर इटालियन भात) एक, गोड दोन. कमी वाटतं पण पुरतं, कमी पडलं तर परत मागवता येतं.

स्टार्टरमध्ये एक बुराता घ्याच. बाहेरून मोझरेलाची पिशवी, आत क्रीम आणि चीजचे धागे, इटलीत पुलिया भागातल्या आंद्रियाची ही खासियत. ते थेट फ्रीजमधून गारढोण आलं तर पाचेक मिनिटं थांबा, मग मधोमध सुरी घाला, आतलं पांढरं क्रीम सावकाश टोमॅटोवर पसरतं, त्यावर ऑलिव्ह ऑइल आणि जाडं मीठ, आणि फोकाचा ब्रेडचा तुकडा त्यात फिरवून लगेच तोंडात. ब्रेड एकदमच संपवू नका, नंतर पास्त्याचा सॉस पुसून खायला लागतो.

मग पिझ्झा. इटलीत एक पिझ्झा म्हणजे एका माणसाचं पूर्ण जेवण, पण आपण वाटून खाणार म्हणून मी तो पास्त्याच्या आधी घेतो. नापोली पद्धतीचा पिझ्झा साधारण ४३० ते ४८० डिग्रीच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो, म्हणून कड फुगलेली, तिच्यावर काळे डाग आणि मधला भाग मऊ, थोडा ओलसर. तो कच्चा नाही, तो तसाच असतो, परत पाठवू नका. तुकडा उचलायचा, टोक आत दुमडायचं, मग मधून घडी घालून खायचं. पाच मिनिटांत संपवा, नंतर तो चामट होतो. पहिला तुकडा नुसता खा, चिली फ्लेक्स नंतर. दोनपैकी एक साधा मार्गेरिता ठेवा, भट्टीवरच्या माणसाचा हात कसा आहे ते त्यातच कळतं, आणि दुसरा मात्र इथला घ्या, चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) घातलेला असेल तर तो चुकवू नका. तिखट, आंबट, चरबीदार चोरीस आणि सौम्य मोझरेला हे फारच जमतं.

पास्त्याला "वन बाय टू" करून द्याल का विचारा, बरीच ठिकाणं किचनमधूनच वाटून देतात. दाताखाली थोडा कडक लागला तर तो बरोबर शिजलाय. कार्बोनारात क्रीम नसतं, अंडं, पेकोरिनो, डुकराच्या गालाचं मांस आणि मिरी, एवढंच, तेव्हा क्रीमवालं हवं असेल तर दुसरं काही मागवा. माझं मत विचाराल तर गोव्यात लिंग्विनी वोंगोले खावा. वोंगोले म्हणजे आपल्या तिसऱ्याच की, लसूण, व्हाइट वाइन, पार्सली, आणि शिंपल्या उघडल्यावर सुटलेलं ते खारट पाणी पास्त्याला लागलेलं. लहानपणापासून तिसऱ्यांचं सुकं खाणाऱ्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. न उघडलेली शिंपली बाजूला ठेवा, ती खायची नाही.

रिसोत्तो शिजायला अठरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून त्याची ऑर्डर पिझ्झा यायच्या आधीच देऊन ठेवा. पाच मिनिटांत आला तर आधीच अर्धा शिजवून ठेवलेला असणार. प्लेट हलवली की तो पसरला पाहिजे, भाताच्या मुदीसारखा उभा राहिला तर जास्त शिजलाय.

पिण्यात सुरुवातीला स्प्रिट्झ किंवा नेग्रोनीसारखं कॉकटेल, जेवताना सगळ्यांत मिळून एक वाइन, न पिणाऱ्यांसाठी कोकमाचं काही आहे का बघा. गोडात तिरामिसू आणि आफोगातो (आइस्क्रीमवर गरम एस्प्रेसो), चमचे जास्त मागवा. जेवणावर इटालियन लोक दुधाची कॉफी घेत नाहीत, एस्प्रेसो घेतात, पण तुम्हाला कापुचिनोच हवी असेल तर बिनधास्त घ्या.

बिल

न पिणाऱ्याकडून दारूचे पैसे घेऊ नका, मैत्रीत असल्या गोष्टी मनात राहतात. जेवण सगळ्यांत समान, दारू पिणाऱ्यांत, हे बसतानाच ठरवा. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी, महागड्या खोल्यांच्या हॉटेलात १८, दारूवर जीएसटी नाही तर व्हॅट. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना तशाच आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या कायम ठेवल्या, बिलात लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. पण टिप मात्र हातात द्या, सीझनमध्ये ही पोरं मध्यरात्रीपर्यंत उभी असतात. एकाने कार्ड मारायचं आणि बाकीच्यांनी टेबलावरून उठायच्या आधी यूपीआय करायचं, घरी जाऊन नाही.

काही उरलंच तर पिझ्झा पॅक करून घ्या, सकाळी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम केला की खालून परत कुरकुरीत होतो. पास्ता आणि रिसोत्तो पॅक करू नका, ते तिथेच संपवा.