आटत्या डोहातले मासे हलवायला निघताना

रविवारी दुधना नदीतल्या आटत चाललेल्या डोहातले मासे खालच्या डोहात हलवायचेत, ग्रुपवर बरीच नवी पोरं येतो म्हणालीत, चांगलंय. पण मागच्या मे महिन्यात माझ्या हातून जे झालं ते परत व्हायला नको म्हणून आधीच लिहून ठेवतोय, वाचूनच निघा.

थर्मामीटर. पाण्याचा, साधा काचेचा चालतो, मत्स्यपालनाच्या टाक्यांत लावतात तो. एक नाही, दोन घ्या, एक फुटला तर दुसरा. मागच्या वेळी आमच्याकडं सगळं होतं, ड्रम, बॅटरीवरचे एअरपंप, जाळी, पिकअप, फक्त हाच नव्हता. डोहात गुडघाभर पाणी उरलेलं, हाताला कोमट लागत होतं, मासे भरून निघायला अकरा वाजले आणि बंधाऱ्याखालच्या खोल, सावलीतल्या डोहावर जाऊन आम्ही ड्रम सरळ आडवा केला. मासे सळसळत आत गेले, आम्हाला वाटलं झालं काम. संध्याकाळी बघायला गेलो तर काठाला पांढरी पोटं वर. त्यात हातभर लांबीचे दोन शिंगाळे होते, ते मीच गळानं धरून जपून ड्रममध्ये ठेवले होते. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर उसना आणून मोजलं, वरच्या उथळ पाण्यात ३६ आणि खालच्या डोहात बुडाशी २८. माशाला आपल्यासारखं अंगातली ऊब सांभाळता येत नाही, भोवतीचं पाणी जसं तसं त्याचं अंग, आणि आपण त्याला एका झटक्यात आठ अंश खाली ढकललं. न हलवता ठेवले असते तर चार दिवस तरी जगले असते, हे अजून डोक्यातून जात नाही.

परवानगी आधी काढा. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो, त्यांना न सांगता जाळं टाकलं तर ते चोर समजणार आणि त्यांचं काही चुकत नाही. गावातल्या भोईकाकांना बरोबर घ्या, मासा कुठल्या कपारीत बसलाय हे त्यांना काठावरूनच कळतं. कुणी नाथसागराकडं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडं, जाऊ म्हणालं तर तिथं १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याशी बोलल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

ड्रम पांढरे किंवा निळे, काळा नको, उन्हात काळ्यातलं पाणी लगेच तापतं. वर ओलं बारदान. पाणी त्याच डोहातलं भरा, नळाचं अजिबात नको, क्लोरीननं कल्ले जळतात. शंभर लिटरला तीनशे ग्रॅम खडे मीठ, यानं माशाला ताण कमी येतो. एअरपंपाची बॅटरी रात्रीच चार्ज करून ठेवा, पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी धरतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात काय ऊन असतं ते सांगायला नको. ड्रममध्येही थर्मामीटर सोडून ठेवा, वाटेत दोनदा बघा.

गळाच्या हुकाचा काटा पक्कडीनं दाबून सपाट करून आणा. मासा धरताना हात ओले, कोरड्या हातानं वरचा चिकट थर निघतो आणि आठवड्यानं तिथं बुरशी येते, तेव्हा बघायला आपण नसतो. कोरडं फडकं तर बिलकुल नको, मी लोकांना टॉवेलनं वाम धरताना पाहिलंय.

मरळ वेगळ्या ड्रममध्ये, ती बारकी मासळी गिळते. तिला एअरपंप लागत नाही, वर येऊन हवा घेते, पण वर झाकण बांधा नाहीतर उडी मारून रस्त्यावर. चिलापी (तिलापिया) आणि आफ्रिकन मांगूर हे बाहेरचे मासे, एकही हलवायचा नाही, एकही म्हणजे एकही. आफ्रिकन मांगूर पाळायला २००० सालापासून देशात बंदी आहे तरी नदीत सापडतो, आणि तो खालच्या डोहात गेला तर आपण वाचवायला नाही, संपवायला गेलो असं होईल. देशी मांगूर की आफ्रिकन याची शंका आली तर भोईकाकांना दाखवा, स्वतः ठरवू नका. मासे त्याच नदीच्या खालच्या डोहातच सोडायचे, दुधनेचा मासा मांजरा नदीत नेऊन टाकणं ही मदत नाही.

वेळ. अंधारात निघा, उजाडलं की सुरू, नऊच्या आत ड्रम गाडीत. उशीर झाला तर अर्धेच हलवा, बाकीचे दुसऱ्या दिवशी.

आणि खालच्या डोहावर पोचलं की आधी थर्मामीटर. कितीही घाई असू द्या, ड्रम आडवा करायचा नाही. दोन्हीकडचं तापमान मोजा, दोन अंशांपेक्षा जास्त फरक असला तर ड्रममधलं थोडं पाणी काढायचं आणि डोहातलं बादलीभर घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, परत बादली. पाऊण तास, कधी तास लागतो, पोरं कंटाळतात, लागू द्या. फरक एक-दोन अंशांवर आला की मगच ड्रम पाण्यात टेकवून तिरका करा, मासे आपले आपण निघतील.

बाकी टोपी, पाणी, ओआरएस. नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे दिसले तर गोळा करा. फोटो नंतर. संध्याकाळी एकजण काठावर चक्कर मारून येईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत. थर्मामीटर कोण आणतंय ते आजच ग्रुपवर सांगा, मी दोन आणतोय, तरी अजून एक असू द्या.